संध्याकाळ आमची आहे

प्रिय भिंगरी,

फोन केला की तू ‘बरी आहे’ म्हणतेस आणि लगेच बाबांच्या गुडघ्यांची चौकशी सुरू करतेस, म्हणून या वेळी फोन केलाच नाही. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. तुला तर नाहीच येणार, सुरू केलेलं अर्धवट टाकणं तुझ्या रक्तात नाही. तर आधी बातमी. आपली संध्याकाळची शर्यत क्लबवाले बंद करायला निघाले होते. अगदी बंद नाही म्हणे, पहाटे घ्यायची. उन्हाळा फार वाढलाय, लोकांच्या जिवाशी खेळ नको, वगैरे. ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटलं की मीसुद्धा मान डोलावली. मग डोक्यात प्रकाश पडला. पहाटे मी कुठे असते? बेकरीत, भट्टीच्या तोंडाशी. दूधवाला कुठे असतो? गाडीवर. सकाळपाळीच्या सिस्टर, बस डेपोतली मंडळी, घरातल्या चारांचे डबे भरणाऱ्या बायका, यातलं पहाटे मोकळं कोण असतं? म्हणजे शर्यत राहणार, आपण तेवढे जाणार. रोगापेक्षा इलाज भयंकर तो हा असा. माझं टाळकं किती फिरलं असेल ते तुला सांगायला नको.

उन्हाळ्यातल्या संध्याकाळी धावण्याचा त्रास मला कुणी शिकवू नये. लोकांना वाटतं, सूर्य कलला की झालं. सूर्य कलतो गं, रस्ता कुठे कलतो? दिवसभर प्यायलेलं ऊन तो संध्याकाळी आपल्याच तळव्यांना परत करतो. दिवसभर असलेला वारा नेमका शिट्टी वाजायच्या वेळेला पडतो. दुपारी नीट जेवावं तर पोटात दगड, न जेवावं तर डोळ्यांपुढे काजवे. आणि दिवसभर उभं राहून पाय आधीच एक शर्यत धावून आलेले असतात. पहिल्या वर्षी तू मैद्याच्या पोत्यांवर दुपारची झोपलीस आणि तशीच उठून आलीस, आठवतं? एका गालावर मैदा. कुणीतरी म्हणालंसुद्धा की ही पोरगी पावडर लावून धावायला आली. आणि मी निघताना हावरटासारखा गरम पाव खाल्ला होता, तो लाँड्रीच्या कुंपणामागे सगळा बाहेर आला. तरी दोघी परत येताना किती हसत होतो. मला ती वेळ का आवडते सांगू? दिवसातला तेवढाच एक तास बेकरीचाही नसतो आणि घरचाही नसतो.

गेल्या वर्षीचं काही बोलायचं नाही, असं आपल्या घरात कुणी न सांगताच ठरलंय. मी आज बोलणार आहे. तू सगळ्या बायकांच्या पुढे होतीस. मी नेहमीप्रमाणे मागे, रमतगमत. शेवटच्या वळणावर लांबून मला तुझी पाठ दिसली आणि कळेना की ही अशी का धावतेय. रस्त्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला जात होतीस, जणू रस्ता तुझ्याखालून कुणीतरी ओढत होतं. मग गुडघे टेकलेस, मग हात, मग आडवीच झालीस. मी पोचेपर्यंत बूटवाल्या काकांनी तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं. क्लबचा सेक्रेटरी म्हणून एरवी सगळ्यांवर ओरडणारा तो माणूस, तुला टोपीने वारा घालत होता. मासळीवाल्याने टोपलीतला बर्फ तुझ्या काखेत, मानेखाली कोंबला. दवाखान्यात तू डोळे उघडलेस तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पण त्यानंतर तू जे बोललीस ते काही माझ्या मनातून गेलं नाही. ‘ताई, माझ्यातच दम नव्हता.’ महिन्याभरात बदली मागून घेतलीस, दुसऱ्या गावच्या पोस्टात जाऊन बसलीस, बूट इथेच खाटेखाली टाकून गेलीस. लोकांनी काय, लोकांनी तोंडसुख घेतलंच. मी गेलं वर्षभर लोकांशी नाही, तुझ्या त्या एका वाक्याशी भांडते आहे.

आता ऐक. बेकरीत एक नवीन बाई कामाला लागली आहे, दोन मुलांची आई, तोंडाची फटकळ, म्हणून माझं तिचं जमतं. परवा ती भट्टीसमोर उभी राहून बाटली तोंडाला लावणार, एवढ्यात बाबा खुर्चीतून ओरडले, ‘दार ओलांडून पी!’ आपण जन्मापासून ऐकत आलो तेच. भट्टीसमोर पाणी प्यायचं नाही, काम संपवायचं, दार ओलांडायचं, मग प्यायचं. लहानपणी तू मला सांगायचीस की गरम अंगात पाणी गेलं की आतडी तडकतात. मीही तेच मानायचे. आपण कधी विचारलं नाही. या बाईने विचारलं, का हो? बाबा म्हणाले, ‘अगं, पाणी सांडलं की तापलेली फरशी तडकते. ती बदलायची तर आठवडाभर भट्टी थंड ठेवावी लागते.’

भिंगरी, फरशी! माझ्या हातातलं पाव काढायचं फावडं तसंच राहिलं. डोळ्यांसमोर ती संध्याकाळ आली. पाण्याचं पहिलं टेबल आलं तेव्हा तू हात वर करून पुढे गेलीस. दुसऱ्यालाही तेच, असं तिथल्या पोरांनी नंतर सांगितलं. ग्लास पुढे करणाऱ्याला म्हणालीस, ‘शेवटी पिते.’ मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मीही तशीच, दार ओलांडल्याशिवाय न पिणारी. फरक एवढाच की मी गोगलगाय आहे, मला तहान लागेपर्यंत शर्यत संपते... नाही, खोटं कशाला बोलू, मी चालत येते आणि वाटेत सावली दिसली की टेकते. तू जीव तोडून धावलीस, त्या उन्हात, कोरड्या घशाने. दम नव्हता म्हणे! दम नसता तर शेवटच्या वळणापर्यंत पोचली असतीस का? एका दगडाच्या फरशीसाठी केलेला नियम तू इमानेइतबारे पाळलास आणि पडलीस. मी आधी खो खो हसले, मग रडले, मग बाबांवर तोंड सोडलं. ते म्हणाले, ‘मी फरशीला जपत होतो. तुम्ही स्वतःला फरशी समजलात तर मी काय करू?’  पण जेवताना पहिल्यांदा त्यांनी आपण होऊन तुझं नाव काढलं.

त्याच आठवड्यात क्लबची सभा होती. बूटवाले काका वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, पोरीचं डोकं माझ्या मांडीवर होतं, मला ती संध्याकाळ परत बघायची नाही.  मला त्यांचा रागही येईना. पण मी उठले. म्हटलं, काका, उन्हाला घाबरायलाच हवं, पण घाबरायचं म्हणजे आम्हाला वगळायचं नाही. ऊन इमारतींच्या मागे गेल्यावर शिट्टी वाजवा. प्रत्येक वळणावर पाणी ठेवा, आणि ते नुसतं ठेवू नका, हातात कोंबा. बर्फाचे टब मांडा. चालत येणाऱ्याला कुणी हसायचं नाही. एखाद्याची चाल बिघडलेली दिसली तर शेजारच्याने दंडाला धरून बाहेर काढायचं, तिथे मानापमान नाही. सिस्टरनी माझी बाजू घेतली, दूधवाल्याने टाळ्या वाजवल्या. तरी मतं फुटलेलीच होती. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, जी पडली ती कानाला खडा लावून गाव सोडून गेली, आणि तुम्ही कुणासाठी भांडताय?

इथे माझ्या जिभेने माझं ऐकलं नाही. मी म्हणाले, कोण म्हणतं गेली? ती येणार आहे. यंदा धावणार आहे.  बूटवाल्या काकांनी चष्मा काढला आणि ते म्हणाले, ती येणार असेल तर माझा हात वर. त्यांचा हात बघून बाकीचे हात वर गेले. शर्यत संध्याकाळीच आहे, या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. हे सांगायलाच पत्र लिहिलं. तुला विचारलं नाही, आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप होत नाही. पहिली ये असं कोण म्हणतंय? माझ्याबरोबर ये, शेवटची ये, हवं तर अर्धा रस्ता चाल. मला तू त्या वळणाच्या पलीकडे गेलेली बघायची आहे, बस. आणि यायचं नसेल, तर बूटवाल्या काकांना तसं तूच कळव. माझ्या तोंडून ते निघायचं नाही.

तुझीच,
भांडकुदळ ताई