दादाच्या डोळ्यांसमोरची काच

३ जून
दादा आला. बिश्केकहून, न कळवता. फाटकातून आत येताच पहिलं वाक्य काय? ‘धाकट्या, पाने-पक्कड काढ.’ बाबांची चौकशी नंतर!

स्वतःच्या मोटरसायकलच्या पुढच्या काचेवर लावायला एक जोडकाच आणलीय. वीतभर उंच, दोन चिमटे. म्हणे वारा तोंडावर आदळतो, डोळ्यांतून पाणी येतं, सगळं धूसर होतं. दहा तारखेला सहा परदेशी पाहुण्यांना पामीरच्या खिंडीतून पलीकडे मुरगाबला न्यायचंय. पुढे हा, मागे ते आपापल्या मोटरसायकलींवर.

मुरगाब! लहानपणी जायचं मी ठरवलं होतं. पण आमच्यात घर धाकट्याने धरायचं. धरलं. बावीस वर्षं — बाबा, मेंढ्या, छप्पर. मोटरसायकल मीही चालवतो. बाजारापर्यंत.

४ जून
सानेम म्हणते, ‘किती जळाल? भाऊच आहे ना?’ बायकोने तरी माझ्या बाजूने असावं.

५ जून
काच बसवली. काम दोघांचं — एकाने सीटवर बसायचं, दुसऱ्याने बाजूने बघून खूण करायची. कड नाकाच्या रेषेत हवी, म्हणजे नजर वरून जाते. दादा बसला, मी खूण केली. बरोब्बर डोळ्यांसमोर.

चुकून नाही. मुद्दाम. लिहून टाकतो. जाड काळी रबरी कड मुरगाबपर्यंत खुपत राहील त्याला. खुपू दे! मला बावीस वर्षं खुपतंय.

६ जून
दादा पुलापर्यंत फेरी मारून आला. मी शिव्या खायच्या तयारीत. तर म्हणे, ‘झकास! काही आडवं येत नाही. हातात जादू आहे रे तुझ्या.’ सगळ्यांसमोर पाठ थोपटली. जेवण गेलं नाही मला.

नंतर उशी घेऊन त्याच्याएवढा उंच होऊन सीटवर बसलो. समोरचा रस्ता कडेमागे गायब. हा माणूस बघतो तरी कुठून?

७ जून
दादाने चहा पेल्याबाहेर ओतला. सानेम हसली, तोही हसला. मी नाही.

८ जून
अंगणात बसलो होतो. समोर तबेला, वीस पावलांवर. मी म्हटलं, ‘बाबांनी दारावर ठोकलेली रानबोकडाची शिंगं काढावी म्हणतो.’

‘राहू दे रे. छान दिसतात.’

शिंगं मी गेल्या हिवाळ्यातच काढली.

‘दादा, तुला दिसत नाही.’

त्याने डोळे चोळले. मग — ‘ओशच्या डॉक्टरने वसंतातच सांगितलं, गाडी बंद. वाटलं, वाऱ्यानेच असेल. काच लावली की बरं होईल.’

‘आणि मागचे सहा जण?’

‘मला दुसरं काय येतं रे, धाकट्या?’

रडला. दादा! मला लाज वाटली — त्याची नाही, त्या काळ्या कडेची. ते त्याला सांगितलं नाही. सांगणारही नाही.

९ जून
काच खाली घेतली. या वेळी सीटवर मी बसलो. दादाने चाचपत बोट ठेवलं, माझ्या नाकाला लावून पाहिलं. ‘इथे?’

‘इथे.’

मग त्याने विचारलं, ‘उद्यापासून बाबांना दूध किती वाजता द्यायचं?’