राजाच्या पाइनची शवपेटी

मी, केझाया पेटिंगिल, दिवंगत एलिफलेट पेटिंगिल यांची विधवा, वय एकाहत्तर, गुडघे सोडून बाकी ठणठणीत, पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र करते. दडपणाखाली मी जन्मात कधी आले नाही, आता काय येणार? आत्मा देवाकडे जाईल; तिथे माझी चौकशी लांबेल, याची कल्पना आहे. देहाविषयी मात्र माझे ऐकावे.

मला बावीस इंच रुंद फळ्यांच्या पेटीत पुरावे. फळ्या माळ्यावर गवताखाली आहेत. बारा इंचांहून जाड पाइन, मग तो आपल्याच रानातला का असेना, इंग्लंडच्या राजाच्या आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी राखीव, असा कायदा. म्हणून इथे घरोघरी खालची जमीन अकरा इंची फळ्यांची असते आणि माळा कोणी पाहुण्याला दाखवत नाही. आमच्या ओढ्याकाठच्या पाइनवर कुऱ्हाडीने राजाच्या मालकीची बाणाची खूण करणारा सरकारी माणूस म्हणजे माझा थोरला, अमोस. त्या झाडाकडे बघत बघतच माझा नवरा गेला. त्याच हिवाळ्यात मी ते पाडले. पाप लागायचे तर राजाला लागो; त्याने ते झाड कधी पाहिलेसुद्धा नाही.

लाकूड कापायची गिरणी निम्मी माझी मुलगी थँकफुल हिला, निम्मी अमोसला. राजाची चाकरी केली म्हणून पोटचा मुलगा परका होत नाही, हेच तर माझे दुखणे आहे.

चहाची किटली प्रार्थनाघराचे कारभारी ट्रास्क यांना. राजाचा कर असलेल्या चहावरच्या बहिष्कार समितीचे प्रमुख म्हणून त्यांनी माझा चहा उकिरड्यावर ओतायला लावला, तेव्हा त्यांच्याच तोंडाला चहाचा वास येत होता. चोरून प्यायचा तर निदान चांगल्या भांड्यातला प्यावा. मी तेव्हापासून रासबेरीच्या पानांचा काढा पिते. त्याने स्वातंत्र्य येवो न येवो, पोट साफ होते.

साक्षीदार तीन लागतात. दोन मिळाले. बाकीचे फळ्यांचे कलम ऐकले की लेखणी खाली ठेवतात. सही केली म्हणजे चोरी ठाऊक असल्याची कबुली. इथवर लिहिले आणि अमोस आला. कागद उचलून वाचू लागला.

"आई, हे कलम खोडून टाक. मला फळ्या जप्त कराव्या लागतील."

"कर की. मी पेटीत गेल्यावर कर, दोघींना एकदम ने."

तो हसला नाही. "तिसरी सही कुणाची?"

"तुझी नाही चालत. वाटणी मिळणाऱ्याने सही केली की त्याची वाटणी रद्द. वर नोकरीही जाईल."

"बावीस इंच?"

"मोजून घे."

"मोजलंय. खूण करताना बाबा शेजारीच उभे होते. एक शब्द बोलले नाहीत." मग म्हणाला, "लेखणी दे."

"निम्मी गिरणी जाईल, गाढवा!"

"माहीत आहे. सरक."

सबब गिरणी संपूर्ण थँकफुलची. तिने भावाला उपाशी ठेवू नये. मी रडले, हेही नोंदवते. मन ठिकाणावर असल्याचाच तो पुरावा समजावा.

पेटिंगिल गिरणी, न्यू हॅम्पशायर, ता. ९ मार्च १७७५.

सही: केझाया पेटिंगिल

साक्षीदार, नाव व धंदा ज्याच्या त्याच्या हस्ताक्षरात:
१. जेडेडाया कॉल्बी, लोहार
२. सबमिट हेझन, सुईण
३. अमोस पेटिंगिल, एलिफलेटचा मुलगा