इस्त्री केलेली पानं

बाबा, परवा कॉलेजात पीएचडी करणाऱ्या एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, संशोधन, घर, मैत्रिणी, सगळं तुम्ही कसं जमवलं?" मी खुर्चीत ताठ बसून वेळापत्रकाचं महत्त्व सांगितलं. तिनं ते वहीत लिहूनही घेतलं. चंद्रपुरात तुमच्या मुलीला आता लोक शहाणी समजतात. घरी आल्यावर मात्र तुमची इस्त्री आठवली आणि माझं मलाच हसू आलं, म्हणून लिहायला बसले.

तेव्हा मी नागपूरला होस्टेलवर राहायचे आणि धानोऱ्याच्या जंगलातल्या सागाच्या पानांवर पडणारा तांबेरा हा माझा विषय होता. दर दुसऱ्या रविवारी, नंबर टाकलेल्या वीस झाडांची पानं आणायची. शनिवारी एसटीनं धानोऱ्याला आपल्या घरी यायचं, रविवारचा दिवस रानात काढायचा आणि तशीच परतीची गाडी धरायची. आई करवादायची, "पोरगी घरी येते का जंगलात, काई समजून नाई राह्यलं." मी म्हणायचे, एकदा थिसिस होऊ दे, मग वेळच वेळ. अशात जिच्याबरोबर पहिलीपासून एका बाकावर बसले, तिचं गडचिरोलीला लग्न ठरलं, तेही नेमकं पानांच्या रविवारी. मी येत नाही असं कळवणार होते. तुम्ही शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणालात, "तू लग्नाले जाय. पानं मी आणतो. जिंदगीभर कपडा कापला, पान नाई तोडता येत का मले?"

मी गेले, पोटभर जेवले, नाचलेसुद्धा. संध्याकाळी तुमच्या शिलाईच्या दुकानात येते तर काउंटरवर पानांची थप्पी, कडक आणि सपाट. तुम्ही प्रत्येक पान ओल्या फडक्यानं पुसून त्यावर कोळशाची इस्त्री फिरवली होती. पानांच्या पाठीवरची नारिंगी भुकटी, जी मोजायसाठी माझा सगळा खटाटोप चालला होता, ती फडक्यावर होती.

"मागून लय पिवळं पिवळं बसलं होतं बाई. मोठ्या सायबाच्या हाती द्याचं, म्हणून साफ केलं," तुम्ही केवढ्या खुशीत सांगितलंत. आणि मी, गिऱ्हाईक समोर उभं असताना ओरडले, की माझं वर्ष पाण्यात गेलं, की न विचारता अक्कल चालवायला कुणी सांगितलं होतं. तुमच्याशी असं बोललेलं मी कुणालाच ऐकलं नव्हतं. तुम्ही फडक्याची घडी घातलीत आणि म्हणालात, "बरं, आता कशी आणाची, ते शिकव."

पुढच्या खेपेला शिकवलं. देठाला धरायचं, पाठीला बोट लावायचं नाही, पेपरच्या घडीत ठेवून वर झाडाचा नंबर लिहायचा. तुमचा हात माझ्यापेक्षा हलका निघाला. त्यानंतर दोन हिवाळे तुम्ही पहाटे सायकल काढून जात राहिलात. मी उठते तेव्हा पानं तयार असतात, मग मी आईबरोबर बाजारात जाते, चारोळी विकणाऱ्या बाईकडून मोडकीतोडकी गोंडी शिकते, माहेरी आलेल्या मैत्रिणीच्या बाळाला मांडीवर घेऊन दुपारभर गप्पा मारते. होस्टेलच्या मुलीही येऊन आईच्या हातचं जेवून गेल्या. थिसिस वेळेवर झाला आणि माणसंही राहिली. मी फार सुखात होते, बाबा.

तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. मैत्रिणीच्या लग्नानंतरच्या मंगळवारी मी घाबरत घाबरत माझ्या गाइड सरांना सगळं सांगितलं होतं. ते हसत सुटले. म्हणाले, तेवढा रकाना कोरा ठेव आणि कारण लिही, एका खेपेनं काही बिघडत नाही. म्हणजे तुम्हाला शिकवायला बसले तेव्हा मला हे माहीत होतं. तुम्ही माझं नुकसान भरून देताय अशा समजुतीनं थंडीत जात होतात, आणि मी गप्प होते, कारण तुम्ही थांबला असता तर माझे रविवार गेले असते. आई म्हणते, सांगितलं असतंस तरी ते गेलेच असते. असेलही. मी सांगून पाहिलं नाही. त्याची लाज वाटते, खरंच वाटते, पण त्यातला एकही रविवार परत द्यावासा वाटत नाही.