गलबतावरचा दुभाष्या

अनोमाबो, १२ जानेवारी १७७४
आज इंग्रजांच्या गलबतावर रुजू झालो. लाटा इतक्या उसळत होत्या की होडीतच माझी कोरी टोपी चिंब झाली. वल्हेकरी पोट धरून हसले. मीही हसलो. काम सोपं आहे. आतल्या मुलखातून पकडून आणलेल्या लोकांची बोली मला येते, आणि गोऱ्यांच्या किल्ल्यातल्या शाळेमुळे इंग्रजीही. कप्तानाचं त्यांना सांगायचं, त्यांचं कप्तानाला. आक्रा बंदरात उतरायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चालत घरी यायचं. बायकोने, अराबाने, आंबवलेल्या मक्याचे केंके आणि तळलेली मासळी बांधून दिली. निघताना म्हणाली, "एबो, गोऱ्यांचा पोपट झालास. त्यांची मिरची गोड लागली म्हणून तिकडेच राहू नकोस." सासूबाईंनासुद्धा हसू आवरेना.

१४ जानेवारी
डेकवर छपराखाली मला चांगली वाऱ्याची जागा मिळाली आहे. कप्तानाच्या हाताखालचा प्रायर नावाचा माणूस अदबीने वागतो, नावाने हाक मारतो. गलबताच्या पोटात सुतार फळ्यांचे माळे ठोकतोय. दोन माळ्यांमध्ये माणूस उठून बसेल एवढीही जागा नाही. मी तसं म्हटलं, तर सुतार म्हणाला, बसायचंय कुणाला?

१७ जानेवारी
किनाऱ्यावरून माणसं आणली. कुणी अन्नाला शिवेना. गोरे आपल्याला खाणार, कप्तानाच्या पेल्यातली लाल दारू म्हणजे माणसाचं रक्त, असं त्यांना वाटतं. मी समजावलं, शेतावर कामाला नेतायत, बाकी काही नाही. बोआतेन नावाचा एक शिकारी आहे, भुवईवर जुना वण. त्याने हळूच विचारलं, "तिकडून परत आलेला कुणी भेटलाय तुला?"
मी हो म्हणालो. पटकन तोंडातून निघून गेलं. मग सगळे जेवले. कप्तान खूश झाला.

२१ जानेवारी
आक्रा आलं. दिवसभर होड्यांची ये-जा चालू होती, आणखी माणसं चढवली. मी गाठोडं बांधून बसलो होतो. कप्तान म्हणाला, आज लाटा फार आहेत, उद्या उतर. होड्या तर जात होत्या.

२२ जानेवारी
जाग आली तेव्हा शिडं भरली होती. किनारा दिसत नाही. कप्तानाला गाठलं. त्याने शांतपणे सांगितलं, साओ टोमे बेटावर पाणी भरायला थांबायचंय, तिथे उतर, परतीचं एखादं गलबत मिळेल. स्वतःच्या हाताने मला ब्रँडी ओतून दिली. अराबा वाट बघत असेल. चार-आठ दिवसांनी काय बिघडतं?

२९ जानेवारी
प्रायरने विचारलं, खाली काय कुजबुज चालते? सांगितलंस तर बेटावर पहिला तू उतरशील. मला माहीत आहे. बोआतेनने सुताराची एक छिन्नी लपवली आहे. मी म्हणालो, काही नाही, देवाचा धावा करतात.

३० जानेवारी
सांगितलं.

३१ जानेवारी
बोआतेनला डोलकाठीला बांधून फोडून काढलं. मला शेजारी उभं केलं. दर फटक्यानंतर मी विचारायचं, आणखी कोण कोण होतं? मी विचारत राहिलो. त्याने एकही नाव घेतलं नाही. मग पाठीवर मिठाचं पाणी. तेव्हाही माझ्याकडेच बघत होता.

५ फेब्रुवारी
बेट दिसलं. हिरवे डोंगर, कोंबडा आरवलेलाही ऐकू आला. मी गाठोडं घेऊन कठड्याशी उभा होतो. प्रायरने खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, निरोप देतोय. पलीकडे कप्तान कुणालातरी सांगत होता, धडधाकट आहे, इंग्रजी येतं, तिकडे चांगलीच किंमत येईल. शब्द न् शब्द कळला. छपराखाली येऊन हे लिहितोय, प्रायर दोघा खलाशांना घेऊन इकडेच ये—

तारीख माहीत नाही
कागद आणि पेन्सिलीचा तुकडा कमरेच्या फडक्यात राहिला. डेकच्या जाळीतून इथे खाली थोडा उजेड येतो. माझा पाय बोआतेनच्या पायाला जखडलाय. मुद्दाम केलंय. त्याने माझा गळा दाबावा, असं वाटत होतं. तो थोडा सरकला, म्हणाला, "कुशीवर हो. फळीने पाठ सोलवटते."

—
ताप. पाणी पुरत नाही. वरच्या माळ्यावरून गळतं ते अंगावर—

—
बोआतेनने पुन्हा विचारलं, तिकडून कुणी आलं होतं का? मी म्हणालो, कुणीच नाही. तो म्हणाला, "ठाऊक होतं मला. पण बाकीचे जेवले ना त्या दिवशी."

—
तो बोलत नाही. पाय गार पडलाय. हाका मारल्या. बेडी आखूड आहे, लांब होता येत नाही—

—
सगळ्यांना वर नेलं. आम्ही दोघेच खाली. शिडीशी प्रायर आणि सुतार. बेडीचं कुलूप गंजलंय म्हणे. सुतार विचारतोय, हातोडा आणू? प्रायर म्हणतो, कशाला, दुसऱ्यालाही ताप आहे, सगळ्यांना लागण होईल, दोघांनाही एकदमच समुद्रात—
मी इंग्रजीत ओरडलो. म्हटलं, मी एबो, मी जिवंत आहे, मला सगळं कळतंय.
प्रायर म्हणाला, "कळू दे."
उतरतायत. सुताराकडे हातोडा नाही. नुसता दोर आ—