समोरचं दुकान मी कोणाला आणि का देते

मी, गल्लीत कव्हरवाली म्हणून ओळखली जाणारी, वय सत्त्याहत्तर, धंदा दुचाकीच्या सीटची कव्हरं शिवण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकील म्हणाले. कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही. मला धाक घालील असा माणूस या घरात तरी नाही. वकिलांनी लिहून दिलेला नमुना समोर ठेवलाय, त्यातले मोठे शब्द घेते आणि मधल्या जागेत माझं लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्यावं. लिहायला फार मजा येतेय. जन्मात पहिल्यांदा मी बोलतेय आणि मध्ये कोणी तोंड घालत नाही.

कलम पहिलं. वरची राहती खोली, स्वयंपाकघर आणि गच्ची माझ्या मुलाला. तो एकुलता एक आहे, निवड करायला वाव नव्हता. दिराला काही नाही. कारण त्याला माहीत आहे, नसेल तर विचार करत बसू दे.

कलम दुसरं. मुलाच्या 'कल्पना कक्षा'तल्या रंगीत गाद्या ज्याच्या त्याला, म्हणजे मुलालाच. हे जरा समजावून सांगायला हवं. मागे तो एका मोठ्या हॉटेलात शिबिराला गेला होता. विषय होता, आपल्यासारख्या गरिबीतून वर येणाऱ्या देशांत धंद्यात नवं काही कशामुळे घडतं. तिथून एक फाईल आणि एक पिशवी घेऊन आला. पिशवीचा बंद उसवला होता, तो मी शिवून दिला. फाईलमध्ये होतं, भांडवल हवं, प्रशिक्षण हवं, सरकारी धोरण हवं, इंटरनेट हवं. नको कशाला म्हणू? बँकेने कर्ज दिलं नसतं तर दुसरी मशीन आली नसती. पण मुलाने काय केलं, तर माल ठेवायची खोली रिकामी केली, भिंतीवर बल्बचं चित्र लावलं, माझ्याकडूनच गाद्या शिवून घेतल्या आणि कारागिरांना म्हणाला, इथे आरामात बसा, नवं सुचेल. सगळे छान झोपले. सूचनापेटीत एकच चिठ्ठी आली, पंखा दुरुस्त करा.

आता नवं खरोखर कशामुळे घडतं ते मी लिहून ठेवते. मृत्युपत्रात ते बसत नाही असं वकील म्हणाले. बसवते.

आमचे हे हयात होते तेव्हा गल्लीत आमचं एकच दुकान. कव्हर काळं. दुसरा रंग आहे हे आम्हाला ठाऊक होतं, पण गरज काय? शिवण एकाच कोपऱ्यात फाटायची, गिऱ्हाईक परत यायचं, आणि हे खुशीत म्हणायचे, आलं बघ. फाटतं तेच बरं, अशी आमची अक्कल होती. वर्षानुवर्षं तेच काळं कव्हर, तोच कोपरा.

मग समोर तो आला. त्याला सगळी गल्ली 'समोरचा' म्हणते, मीही तेच लिहिते. आल्या दिवशी त्याने दारात लाल कव्हर टांगलं. भडक, बटबटीत, आणि लोक थांबून बघत होते. मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात दोन रंगांचं कव्हर लटकत होतं. त्याने कडेला पांढरी किनार लावली. मी खालून इलॅस्टिक घातलं, म्हणजे बांधायची कटकट नाही. तो रस्त्यातून ओरडला, "वहिनी, कव्हर शिवलंय की टोपी?" महिनाभरात त्याच्याकडेही टोप्याच.

एकदा रेग्झिनचा माल कुठेतरी अडकला. दोघांची दुकानं कोरडी पडली. मी रस्त्यावरच्या जाहिरातींचे जुने फलक रद्दीवाल्याकडून आणले, पाणी आत जात नाही असं ते कापड. पहिल्या कव्हरावर एका पुढाऱ्याचा हसरा चेहरा नेमका सीटच्या मधोमध आला. गिऱ्हाईक नेऊन रोज त्यावर बसायचं, आणि पंधरवड्यात भावासाठी तसलंच मागायला आलं. पुढाऱ्याची माणसं येऊन समज देऊन गेल्यावर मी उलटी बाजू वर घ्यायला लागले. समोरचा पोट धरून हसला आणि संध्याकाळी त्याच रद्दीवाल्याकडे गेला.

दूधवाल्याची सीट भिजायची, त्याने पाणी अडवायला पाठी पडदी मागितली. मी होत नाही म्हणाले. तो म्हणाला, बरं, समोर विचारतो. झाली की हो पडदी, बसल्या जागी झाली! म्हणून लिहिते, भांडवल, धोरण सगळं असू द्या, पण हात कापडाला लावायला भाग पाडतं ते रस्त्यापलीकडचं तोंड.

कलम तिसरं. माझं दुकान, दोन्ही मशीन, कात्र्या, पुठ्ठ्याचे साचे आणि दारावरची पाटी माझ्या नातीला. तिचा बाप तिला कॉम्प्युटरपुढे बसवू पाहतो, पण तिचा हात कापडावर चालतो आणि ती भांडखोर आहे. या धंद्याला दोन्ही लागतं.

कलम चौथं. हे नीट वाचावं, शक्य तर मुलाला आधी बसवून.

वर्ष झालं, समोरच्याची नजर गेली. शटर अर्धं खाली असतं. माझ्या मुलाला केवढा आनंद! जेवताना म्हणाला, "आई, आता गल्लीत आपणच. निवांत." आणि आठवड्याच्या आत त्याने कव्हरातला फोम पातळ केला आणि भाव वाढवला. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणतो, जाणार कुठे? मला आमचे हे आठवले. तोच काळा रंग, तोच कोपरा. आणि माझंही काय सांगू, या वर्षात मी एक नवी वस्तू काढलेली नाही. नात म्हणालीसुद्धा, आजी, तू हल्ली समोर बघतच नाहीस.

मुलाचा बेत असा, की समोरच्याचा घरमालक गाळा विकायला काढणारच आहे, तो घ्यायचा आणि एकच मोठं चकचकीत शोरूम करायचं. नात मला म्हणाली, मग मी त्या शोरूममध्ये बिलं फाडत बसेन, शिवायचं कशाला, घेणारे आहेतच. ती रडवेली झाली होती. ती पोर रडत नाही, माणसाला रडवते. तेव्हा मला कळलं की हा बेत पार पडला तर माझ्यामागे हे दुकान राहील, धंदा राहणार नाही.

त्याच सुमारास अर्ध्या शटरखालून मी समोर डोकावले. डोकावते, लपवायचं काय त्यात. समोरच्याची सून सासऱ्याची नजर चुकवून मशीनवर बसली होती. त्याला नजर आहे कुठे, तरी चुकवत होती. तिने लहान मुलासाठी पाठीला टेकू असलेलं कव्हर शिवलं होतं. टेकू काढता-घालता येतो, पट्टा आईच्या कमरेला. माझ्या पोटात दुखलं. किती दिवसांनी असं दुखलं म्हणून सांगू! घरी येऊन दोन घास जास्त जेवले.

तर मुला, तू घरमालकाशी भाव पाडत बसला होतास ना? तो गाळा गेल्या महिन्यात मी घेतला. माझ्या गळ्यातलं आणि हातातलं विकून घेतला. त्या दागिन्यांबद्दल दिराने विचारल्यास कलम पहिलं पाहावं.

तो गाळा मी समोरच्याच्या सुनेला देते. अटी अशा. तिने तो माझ्या मुलाला, त्याच्या नावावर कोणाला, किंवा त्याने पाठवलेल्या कोणालाही विकू नये, भाड्याने देऊ नये. तिथे सीटची कव्हरंच शिवावीत. माझ्या नातीने आणि तिने भाव आपसात ठरवू नयेत. एकमेकींच्या घरी जावं, आजारपणात डबा द्यावा, पण साचे दाखवू नयेत. चोरून बघायला हरकत नाही.

मुला, तू रागावशील. राग आला की गाद्यांवर बस. तुझं भलं व्हावं म्हणूनच तुझ्यासमोर कोणीतरी उभं करून जाते. माझ्यानंतर तुला आरसा कोण दाखवणार?

कलम पाचवं. हे आधी ठरलेलं नव्हतं, आत्ता घालावं लागतंय. साक्षीदार म्हणून समोरच्याला बोलावलं होतं, सून त्याचा हात धरून घेऊन आली. शेजारच्या पंक्चरवाल्याने, तो दुसरा साक्षीदार, त्याला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने उपरण्याने डोळे पुसले. मला वाटलं, म्हातारा विरघळला. मग म्हणाला, "वहिनी, सुनेने तुमच्या मरणाची वाट बघत बसायचं का?"

मी म्हटलं, "बघू दे की भावजी. एवढं फुकट मिळतंय."

"तिला दम नाही. आणि तुमचा भरवसा नाही, तुम्ही आणखी दहा वर्षं काढाल."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"माझं म्हणणं, घाबरलात. मेल्यावर सामना लावून देताय, म्हणजे हरायला नको."

सत्तर वर्षं ओलांडलेल्या बाईला असं बोलतात? वकील म्हणाले, हयातीत द्यायचं तर बक्षीसपत्र वेगळं करावं लागेल. करा म्हटलं. तोवर किल्ली मी तिथल्या तिथे सुनेच्या हातात दिली. ती पाया पडायला वाकली, तिला म्हटलं, पाया पडू नकोस, उघड दुकान.

याउपर काही लिहायचं होतं, पण समोर शटर पूर्ण वर गेल्याचा आवाज आला आहे. काहीतरी टांगलंय, गल्लीत लोक थांबलेत, नात मला खालून हाका मारतेय. इथून नीट दिसत नाही. मला खाली जायला हवं, मरणाचं मग बघू.

लिहून देणार : कव्हरवाली (सही घाईत केली आहे, तीच खरी मानावी)

साक्षीदार पहिला : समोरचा (सही नजरेअभावी तिरकी, मजकूर ऐकला, त्यातला माझ्या हसण्याचा भाग सोडून सगळा खरा)

साक्षीदार दुसरा : पंक्चरवाला (दोन्ही दुकानांचा शेजारी, कोणाच्याच बाजूचा नाही)

ठिकाण : दुकानावरची खोली, खिडकीजवळ
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२३, गुरुवार