बसल्या जागचा आकडा

लातूर,
१७ एप्रिल २०१६

॥ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

चि. सौ. जगदेवी हिस,

अक्काचा आशीर्वाद. चंद्रप्पा मेहुण्यांना शरणु शरणार्थी सांग. तिकडं विष्णुपुरीला उन्हाचा कहर आहे आणि धरणही तळाला गेलंय असं ऐकते. काळजी घ्या.

पत्र बघून हसशील. घरात फोन असताना म्हातारीला ही काय हौस म्हणशील. अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीत रजिस्टरं लिहिली गं, हात रिकामा राहिला की वळवळतो. शिवाय फोनवर तू मला बोलू कुठं देतेस? हॅलो म्हणायच्या आत तुझं सुरू, "अक्का, आकडा किती?"

तर आधी आकडा. बोटाला लावायचा तो चिमटा तू पाठवलास, तो रोज सकाळी लावते. रक्तातला ऑक्सिजन आज चौऱ्याण्णव, काल पंच्याण्णव. नव्वदच्या खाली गेला तर गाडी घेऊन न्यायला येईन, असा दम तू दिलायस, तो लक्षात आहे. तेव्हा गाडी तुमच्याच दारात राहू दे. बहिणीच्या घरी चार दिवस गोड, पाचव्या दिवशी भांडं कुठं ठेवायचं ते विचारावं लागतं.

माझं सगळं शिस्तीत चाललंय. पहाटे उठते, तांब्याभर पाण्यात आटोपते आणि पूजेला बसते. डाव्या तळहातावर इष्टलिंग, नजर त्याच्यावर, श्वास आपोआप संथ होतो. पूजा झाली की तिथंच बसल्या बसल्या उजव्या हाताच्या बोटाला चिमटा. दोन्हीची वेळ एक ठेवली म्हणजे विसरायला होत नाही.

पाण्याचं तुला काय सांगू? टँकर नवव्या-दहाव्या दिवशी येतो. पाण्याच्या टाकीपाशी पाच माणसांनी जमू नये असा हुकूम निघाला होता. खालच्या मजल्यावरची आबेदा माझं पिंप भरून घेते आणि तिचा मकसूद ऑटोवर जायच्या आधी दोन घागरी वर आणून देतो. एखादी मी आणते. चौदा तर पायऱ्या आहेत. उदगीर जिल्हा होणार म्हणून तिकडं लोक घोषणा देताहेत. लातूर जिल्हा झाला तेव्हा आपणही पेढे वाटले होते. जिल्हे होतात, पाणी काही होत नाही.

पाण्याची रेल्वे बातम्यांत पाहिली असशील. मी मकसूदच्या ऑटोत बसून प्रत्यक्ष बघून आले. लांबच्या लांब डबे आणि सगळे पाण्यानं भरलेले. मला एकदम आपलं मुदखेड आठवलं. तुला नसेल आठवत. बाबांच्या पानाच्या दुकानापासून थोडं पुढं गेलं की ती लोखंडी सोंड होती. इंजिन तिच्याखाली येऊन थांबायचं आणि पाणी प्यायचं. तेव्हा आपण गाडीला पाणी पाजत होतो आणि आता गाडी आपल्याला पाजते.

त्या दिवसापासून दुपारचं एक छान चाललंय माझं. वर येताना तिसऱ्या-चौथ्या पायरीवर टेकते, आणि भिंत कापडासारखी हलायला लागते. रस्त्यावरचे ऑटो लांब जातात. मग ती सोंड दिसते, तिच्या तोंडातून धार गळत असते, खाली काळे गोटे ओले होऊन चमकत असतात. माझे पायसुद्धा गार पडतात बघ, एवढ्या उन्हात. कोणीतरी घागर लावून उभं असतं. कोण ते आज नाही लिहीत. लिहिलं की जाईल असं वाटतं.

उगीच काळजी करू नकोस. चौऱ्याण्णव आहे.

तुझी,
अक्का


लातूर,
८ मे २०१६

चि. सौ. जगदेवी हिस,

आशीर्वाद. उद्या बसवजयंती. गोडाचं काय करायचं ते आबेदानं ठरवलंय, मला गॅसजवळ उभं राहायची बंदी आहे. का, ते सांगायलाच हे पत्र. वाचून होईपर्यंत फोनला हात लावू नकोस.

मागच्या मंगळवारी टँकर आला. मकसूद भाड्यावर गेला होता, म्हणून एक घागर मीच उचलली. सातव्या पायरीला भिंत हलली. घागर सुटली नाही, पण बसले ते मला उठवेचना. आबेदा पिंपाचं झाकण टाकून धावली. माझे निळसर ओठ बघितले आणि सरळ वर जाऊन देवघरातून चिमटा घेऊन आली.

मी म्हटलं, "अगं आत्ता नको. जरा बसते, दम खाली बसू दे, मग लाव."

"का बरं? आत्ताच लावते."

"आत्ताचा खरा येत नाही."

तिनं माझं बोट धरून लावलाच. ब्याऐंशी. मी म्हटलं, मशीन बिघडलंय, सकाळी चौऱ्याण्णव होता. तर कमरेवर हात ठेवून म्हणते कशी, "अक्का, माझ्या मकसूदच्या कमरंची चांदीची साखळी वजनाच्या टायमाला कोन काढाया लावली व्हती? तुमीच ना? म्हन्ल्या, साखळीचं वजन लेकराचं न्हाई. मंग आता सोता हे काय करून राहिलात?"

जगदेवी, मला कोणी थोबाडीत मारली असती तरी एवढी लागली नसती. अंगणवाडीच्या तक्त्यावर मूल कमी वजनाच्या लाल पट्ट्यात जाऊ नये म्हणून आया काय काय करायच्या. जाड झबलं घालायच्या, वाळे घालायच्या, काट्यावर ठेवायच्या आधी पोटभर दूध पाजायच्या. मी सगळं उतरवायची. वरून रागवायची, की आकडा माझ्यासाठी नाही बाई, तुझ्या लेकरासाठी आहे. आणि मी स्वतः दिवसातल्या सगळ्यात शांत घटकेला, देवापुढं बसून, आकडा घेत होते आणि तुला कळवत होते. तो खोटा नव्हता. पण जिन्यातला आकडा मला दोन महिन्यांपासून माहीत होता. एकदा लावला होता, शहाऐंशी आला होता, त्यानंतर जिन्यात लावलाच नाही.

आबेदानं त्याच दिवशी छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. तिनं सांगितलं, "ह्यांचं सकाळचं लई चांगलं असतंय साहेब, चालवून बघा." डॉक्टरांनी चिमटा लावून मला व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं. चौऱ्याण्णववरून निघालेली मी परत येईतो त्र्याऐंशीवर. ते म्हणाले, आजी, बसलेल्या माणसाला लागतो तेवढा ऑक्सिजन तुमची फुप्फुसं अजून पुरवतात. चालायला लागलात की पुरत नाही. तेव्हा आकडा बसून बघा आणि चालूनही बघा, दोन्ही लिहून ठेवा. बोटं गार असली तर आधी चोळा.

मग विचारलं, विडी ओढत होता का? मी म्हटलं, नाही, फुंकणी. त्यांना कळेना. नवव्या वर्षापासून चूल होती माझ्याकडं, गॅस आला तो पस्तिशीत. हे मी तुला कधीच सांगणार नव्हते, कारण मी चूल फुंकत होते तेव्हा पलीकडच्या कोपऱ्यात धुरानं डोळे चोळत तू पाढे म्हणत होतीस, आणि ते तू मनाला लावून घेशील. घेऊ नकोस. तुझे पाढे ऐकत भाकरी करायला मला आवडायचं. अगदी खरं सांगते.

शेवटी डॉक्टर म्हणाले, दिवसा गुंगी येते का? भलतंसलतं दिसतं का? मी नाही म्हटलं. आबेदा म्हणाली, "येते की. पायरीवर बसून एकट्याच हसतात." ते म्हणाले, हवा पुरत नसली की डोकं असं तरंगतं, हे चांगलं लक्षण नाही. चालताना, काम करताना आणि झोपताना नाकाला ऑक्सिजनच्या यंत्राची नळी लावायची. यंत्र विजेवर चालतं, त्याचा काटा ते ठरवतील तेवढ्यावरच ठेवायचा. जिना बंद.

हे सगळं मला त्या दिवशीच समजलं होतं. तरी पाच दिवस मी तुला कळवलं नाही. फोन नाही केला, कारण फोनवर मी दोन शब्दांमागं श्वास घेते तो तू मोजतेस. कागदावर तो ऐकू येत नाही. पहिलं पत्रसुद्धा मी त्याचसाठी लिहिलं होतं, हाताची हौस वगैरे थाप होती.

आणि न कळवायचं कारण नुसतं घर सोडायचं नाही गं. घागर लावून उभी असते ती आई आहे.

ती गेली तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. तिचा एक फोटो नाही. लहानपणी तू विचारायचीस, अक्का, आई कशी होती? मी म्हणायचे, आईसारखी. तू चिडायचीस. खरी गोष्ट अशी की मलाच तिचा चेहरा आठवत नव्हता. हात आठवायचे, आवाज आठवायचा, चेहऱ्याच्या जागी धूर. आख्खा जन्म मी तुझ्यापासून हे लपवलं. आणि या उन्हाळ्यात, पासष्टाव्या वर्षी, जिन्याच्या पायरीवर तो मला दिसला. वरचे दोन दात जरा पुढं आहेत, म्हणून हसताना पदर ओठांवर धरते. कपाळावरची विभूती घामानं ओली झालेली. डाव्या भुवईत एक बारीक खोक आहे. सोंडेखाली घागर लावते आणि इंजिनवाल्याला म्हणते, "भाऊ, थोडं गळू द्या, घरी दोन लेकरं हायत." हनुवटी तुझी आहे. म्हणजे तुझी हनुवटी तिची आहे.

डॉक्टर म्हणतात ते खरं असेल. हवा कमी पडते म्हणून ती येते. मग नळी लावली की ती यायची नाही, एवढ्यासाठी मी यंत्राला नको म्हणत होते. वेडेपणा आहे, कबूल. पण विसरून मी तिला एकदा घालवलीय, दुसऱ्यांदा आपल्या हातानं घालवायला जीव होत नव्हता.

आता ठरवलंय. पत्र मिळालं की गाडी काढ. यंत्राची सोय तुमच्याकडंच कर, तुमचं घर तळमजल्यावर आहे. भांडं कुठं ठेवायचं ते मी विचारीन. फक्त येशील तेव्हा नळीची घाई करू नकोस, तासभर माझ्याजवळ बस. आईचं जे जे विचारायचं राहिलंय ते सगळं विचारून घे. मी बघून सांगते. या वेळी "आईसारखी" म्हणणार नाही.

पूजेनंतर चौऱ्याण्णव, चालून आल्यावर त्र्याऐंशी, घागर घेऊन ब्याऐंशी. अंगावरचं सगळं उतरवून केलेलं वजन आहे हे.

तुझी वाट बघणारी, ब्याऐंशी आकड्याची,
अक्का