लिंबोणीखालचं चुलाण

औरंगाबाद, ४ मार्च १९९८

आकांक्षाच्या बाबांना पद्माचा जयभीम.

प्रशिक्षण बरं चाललं आहे, जेवणही बराबर मिळतं. आकांक्षाचा खोकला बसला का?

जीव लागत नाही तो अंगणातल्या लिंबोणीपायी. बुलबुलाची पिल्लं अजून उडाली नसतील, आणि सोमवारी तुम्ही हळद शिजवणार. दरवर्षीप्रमाणे चुलाण त्याच झाडाखाली पेटलं, तर धुरानं ती जगायची नाहीत. निघताना सांगायचं मी विसरले.

आत्याबाई म्हणतील, "जागा बदलली की हळदीला रंग चढत न्हाई. पाखरापायी काहून हट्ट करून राहिली ही?" म्हणू द्या. तुम्ही चुलाण विहिरीजवळ मांडा.

पत्र पोचेस्तोवर जाळ लागलेला असला, तर लाकडं ओढून घ्या. हळद कच्ची राहिली तर आल्यावर मी पुन्हा शिजवीन.

तुमची,
पद्मा